टिटवीचा दरवाजा

लोहित ग्रहावर आरमाराची अंतराळजहाजं बांधली जात, पण गेलेलं जहाज परत आलेलं तिथे फारसं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून सकाळी दारात गणवेशातली तरुणी दिसली, तेव्हा म्हाताऱ्या द्वारकाबाई तांडेल गोंधळल्या.

"मी मृण्मयी, टिटवी जहाजावरची," ती म्हणाली. "त्याच्या इंजिनखोलीचा दरवाजा तुम्हीच जोडला होतात ना?"

बाईंना सगळं आठवलं. तो दरवाजा तपासणीत पास झाला होता. तरी जोडात केसाएवढी चीर दिसली म्हणून त्यांनी तो कुणाला न विचारता कापला आणि पुन्हा जोडला. जहाज आठ दिवस रखडलं. साहेबांनी त्यांना वेल्डिंगवरून काढून झाडलोटीला लावलं, ते थेट बाई निवृत्त होईपर्यंत.

"लढाईत इंजिनखोलीत आग भडकली," मृण्मयी सांगू लागली. "तो दरवाजा टिकला म्हणून आम्ही दोनशे जण वाचलो. जहाज प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत होतं, म्हणून आमचं एकच वर्ष गेलं, पण इथे एकेचाळीस उलटली. तुम्ही भेटाल की नाही, याचीच आम्हाला धास्ती होती."

"आम्हाला म्हणजे?"

मृण्मयी बाजूला झाली. गल्लीच्या टोकापर्यंत तरुण मुलंमुली रांगेत उभी होती. बाईंना बघताच सगळ्यांनी टोप्या काढल्या.

"मी असेपर्यंत आलात," बाई म्हणाल्या. "फार बरं केलंत, बाळांनो."

मग त्या पायरी उतरल्या, पहिल्या मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याचं नाव विचारलं.