बापाचंच दुखणं

नवरा यकृताच्या कर्करोगानं गेला. 'दारूनं खाल्लं,' असं गाव म्हणालं, तेव्हापासून खोन केनच्या बुआखामनं मुलाला, विरोजला, दारूपासून जपलं. त्याला प्यायची हुक्की आली की ती नदीच्या कच्च्या माशांत लिंबू-मिरची कालवून ताट पुढं करायची. आज विरोज पिवळाधमक होऊन दवाखान्यात पडला होता.

"हा पित्तनलिकेचा कर्करोग. कच्च्या माशांतल्या जंतांमुळं होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्यालाही हाच असणार, मावशी. त्या काळी असे सगळे कर्करोग यकृताचेच धरायचे. कच्चा मासा खायचा का हा?"

बुआखाम तोंड उघडणार, तोच विरोज म्हणाला, "खायचो ना, बाहेर, मित्रांबरोबर. आई लाख नको म्हणायची, पण ऐकतंय कोण?"