तालुक्यात रुग्ण शून्य

नाव : सोजरबाई. वय : सत्तेचाळीस. आजार : स्तनाचा कर्करोग. पत्ता :

इथे रुग्णालयातल्या कुलथे कारकुनांचं पेन थांबलं. "मावशी, सलग वर्षभर कुठे राहता?"

"सहा महिने गावात. सहा महिने कर्नाटकात, ऊस तोडायला."

"मग जिल्ह्याच्या आकड्यात तुम्हाला धरता येत नाही. वर्षभर इथेच राहायला हवं."

"कर्नाटकात धरत्याल?"

"तिथेही नाही."

"मग तपासणीची गाडी? टोळी निघायच्या आत ती आमच्या वस्तीवर यायला पायजे. माझ्या लेकीच्या छातीत गाठ लागतीया."

कुलथेंनी छापील तक्ता पुढे सरकवला.

तुमचा तालुका : रुग्ण शून्य. गाडीची गरज नाही.

सोजरबाईंचा हात बारा दिवसांपूर्वीच्या टाक्यांवर गेला. "शून्य? मग तुमच्या डाक्टरनं माझं कापलं काय? औंदा माझी जाऊ ह्यानंच गेली. ती बी शून्यातच का?"

"नियम आहे, मावशी."

"आमचा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. त्याच्या वहीत मी निदान अर्धी तरी असते. तुमच्या वहीत तेवढी बी न्हाई?"

कुलथेंनी पेनाला टोपण लावलं.

सोजरबाई उठून दारात गेल्या. बाहेर बाकांवर याच आजाराच्या बायका नंबराची वाट बघत बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ऊसतोडीला जाणाऱ्या आत या गं. आपल्याला हा आजार न्हाईच, म्हणत्यात."

बाकांवर नऊजणी होत्या. सात उठल्या.