गच्चीवरचं गुप्त मंडळ

कटिंगवालीने खडू कानावर खोचला आणि शिवणखान्यात चुळबुळ सुरू झाली. ओव्हरलॉकवालीला एकदम तहान लागली. कॉलर लावणारी नवी बाई तोंड धुवायला उठली. इस्त्रीवालीने तर सबब सांगायचेही कष्ट घेतले नाहीत, थर्मास पदराआड धरला आणि सरळ जिन्याकडे निघाली. बघता बघता खोली रिकामी झाली. मागे राहिल्या त्या काजं करणाऱ्या मावशी, मान खाली घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

दुपारी सुट्टी द्यायची मालकाची रीत नव्हती. पण जेवण झालं की तो खालच्या खोलीत डुलकी काढतो, अशी सगळ्यांची खात्री होती आणि त्या डुलकीच्या भरवशावर मंडळ चाललं होतं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत चहा ओतला गेला. नव्या बाईचा मंडळात आज पहिलाच दिवस. तिने विचारलं, “गुप्त मंडळ, गुप्त मंडळ म्हणता, पण आपण इथं करायचं काय?”

“चहा प्यायचा,” इस्त्रीवाली म्हणाली.

“मग त्यात गुप्त काय?”

कटिंगवाली मंडळाची अध्यक्ष. नेमणूक तिने स्वतःच केली होती. ती म्हणाली, “ज्यात एक माणूस घ्यायचं नसतं, ते गुप्त मंडळ. सगळ्याच आलो असतो तर ती नुसती चहाची सुट्टी झाली असती.”

सगळ्या हसल्या. ते एक माणूस कोण, हे नव्या बाईलाही न सांगता कळलं. मावशींना कामावर मालकाने आणलं होतं. म्हणजे त्या मालकाच्या. त्यातून तोंडात तीळ भिजत नाही. त्यांना सांगितलेलं खाली पोचायला कितीसा वेळ लागणार?

“करून दाखव ना मावशींचं,” ओव्हरलॉकवाली म्हणाली.

अध्यक्षबाईला एवढंच हवं होतं. तिने मावशींसारखा टॉवेल खांद्यावर टाकला, आपला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, गुडघ्यावर हात ठेवून कंबरेत वाकली आणि लंगडत टाकीला फेरी मारली. “अगं बाई, हा गुडघा म्हणजे माझी सवतच आहे गं!” हसता हसता इस्त्रीवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. नव्या बाईच्या नाकात चहा गेला. कटिंगवालीने आणखी एक फेरी मारली, यावेळी जरा जास्तच लंगडत.

मग लक्षात आलं, बिस्किटांचा डबा खालीच राहिलाय. “आणते मीच,” म्हणून ती उतरली.

अर्ध्या जिन्यात ती थबकली. खाली मशिनं चालू होती. आधी एक, मग दुसरं. सगळ्या तर वर होत्या. उरलेल्या पायऱ्या उतरून तिने दारातून डोकावलं.

मावशी ओव्हरलॉकपाशी उभ्या होत्या. एका हाताने टेबल धरलं होतं आणि बऱ्या पायाने पेडल दाबत होत्या. सुईखाली कापड नव्हतं. थोडं चालवून त्यांनी ते सोडलं, टेबलांचा आधार घेत घेत कॉलरच्या मशीनपाशी गेल्या आणि तेही तसंच रिकामं चालवलं. तेवढ्यात खालून मालकाचा आवाज आला, चांगला जागा, खणखणीत.

“मावशी, ओव्हरलॉक का थांबलं?”

मावशी वळल्या त्या घाईने. दुखरा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला. त्यांनी ओठ दाबून धरले, ओव्हरलॉक गाठलं आणि वरच्या पट्टीत ओरडल्या, “दोरा तुटला हो! ओवला आता!” मग पेडल दाबून धरलं. खाली शांत झालं.

मालक झोपत नव्हता. तो कानाने कारखाना सांभाळत होता. इतक्या दुपारी गेल्या, एकदाही कुणी जिना चढून पकडायला आलं नाही, ते का, हे कटिंगवालीला आत्ता कळलं. आपल्या खांद्यावर अजून टॉवेल आहे आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आहे, हेही तेव्हाच कळलं. तिने टॉवेल ओढून काढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

मावशींनी वर पाहिलं. “अगं, लवकर आलीस? संपला चहा?”

“मावशी... तुम्हाला माहीत होतं?”

“तुझा खडू कानावर गेला की भिंतींनासुद्धा कळतं.” मावशी हसल्या. “चढता आलं असतं तर आले असते मीही कधीतरी. पण तो जिना काही या पायाला जमायचा नाही. आणि सगळ्याच वर गेलो तर मशिनं कोण चालवणार?”

कटिंगवालीला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची, तर ती कशाची मागायची, तेही सांगावं लागलं असतं. तिने कटिंगच्या टेबलाखालून डबा काढला आणि झाकण उघडलं.

“बस, दोन बिस्किटं दे मला,” मावशी म्हणाल्या. “आणि एक सांग. मघाशी एवढ्या कशावर गं हसलात? पार खालपर्यंत आवाज येत होता. मी आपलं घाईघाईने हे ओव्हरलॉक लावलं, म्हटलं त्याच्या कानावर जायला नको.”

“काही नाही, मावशी. असंच.”

“असंच कुणी एवढं हसतं का? सांग की, मलाही जरा हसू दे.” मावशींनी पेडलवरचा पाय आणखी दाबला. ओव्हरलॉक घरघरत राहिलं. “बोल बिनधास्त. मशीन चालू आहे, कुणाला ऐकू जात नाही.”