डावीकडचा खळगा

चारुलता उठली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि खाडीवरचा वारा पडद्याला पार छतापर्यंत नेत होता. आजही तो स्वप्नात आला होता. मिठागराच्या बांधावरून पुढे चाललेला, पाठमोरा. ती मागून चालत होती आणि कुठे जायचंय हे विचारावंसंही वाटत नव्हतं.

सगळा दोष गादीचा. दोन महिन्यांपूर्वी तिने ती वाशीच्या दुकानातून आणली. काथ्याची, पाच वर्षांची गॅरंटी, प्लॅस्टिकच्या वेष्टणात नवीकोरी. पंधरा दिवसांनी कामवाल्या सखूने ती उन्हात टाकायला उचलली आणि कपाळाला हात लावला.

“बाई, फसवलं तुमाला. वरचा कापड नवा हाय, गादी नाय. हिते बगा, कोन तरी बाप्या झोपत व्हता.”

चारुलताने हात फिरवून पाहिला. डाव्या बाजूला, खांद्यापासून कमरेपर्यंत, हलकासा खळगा होता.

तिचा नवरा सुधीर न्हावा शेवाला कस्टम क्लिअरिंगचं काम करायचा. जहाजं लागायची म्हणून सोमवार ते शुक्रवार तिकडेच, कंपनीच्या गेस्ट हाउसवर. शनिवारी तो घरी आला तशी तिने सगळी हकिकत सांगितली. रिक्षावाल्याशी आठ आण्यांवरून हुज्जत घालणारा माणूस हा. आता दुकानदाराची काही खैर नाही, असंच तिला वाटलं.

“जाऊ दे ना, चारू,” सुधीर म्हणाला. “तुला झोप लागते ना? मग झालं तर. कशाला उगाच टेन्शन घेतेस?”

आणि नव्या अंथरुणावर दोन दोन रात्री तळमळणारा तो गृहस्थ त्या गादीवर, पहिल्या रात्रीसारखाच, पडल्या पडल्या घोरायला लागला.

झोप लागत होती, हे मात्र खरं होतं. परळची चाळ सोडून नेरूळच्या या ब्लॉकमध्ये आल्यापासून चारुलताच्या डोळ्याला डोळा लागत नसे. सोसायटीतले निम्मे ब्लॉक अजून रिकामे, समोर मोकळे प्लॉट, मुलगा निशांत पाचपर्यंत शाळेत. शांतता नुसती खायला उठायची. एका दुपारी ती सहज त्या खळग्यात कलंडली. जुन्या चपलेत पाय जावा तसं तिचं अंग त्यात गेलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

मग ती रोजच तिथे झोपू लागली. हळूहळू तो माणूस तिला उमगत गेला. डाव्या कुशीवर झोपणारा असणार, कारण खांद्यापाशी खळगा जास्त खोल होता. झोपेत फार हलणारा नसणार, शेजारच्या माणसाची झोप मोडू नये म्हणून जपणारा. तिला तो आवडायला लागला. चौतीस वर्षांची बाई, एका मुलाची आई, आणि जीव कुठे जडला तर काथ्याच्या खड्ड्यावर! कुणाला सांगायची सोय नव्हती. शनिवार-रविवार सुधीर तिथे झोपायचा तेव्हा ती कडेला अंग चोरून पडायची आणि सोमवारची वाट बघायची. हे पाप आहे असं तिला मनापासून वाटे, सोमवार मात्र तरीही हवाच असे.

शेवटी तिने ठरवलं, एकदा त्याला डोळ्यांनी बघायचंच. असेल कुणी तरी ढेरपोट्या, कलप लावणारा. बघितला की आपण सुटलो. मग संसारात नीट लक्ष लागेल.

दुकानाचे मालक हौसेराव चहा पीत बसले होते. तिने गादीचं नाव काढताच त्यांनी कप खाली ठेवला.

“ताई, आमच्याकडे सगळा नवा माल असतो.”

“मला पैसे परत नकोत. बदलूनही नको. ती आधी कुणाकडे होती, तेवढं सांगा.”

हौसेराव गोंधळले. अशी तक्रार त्यांच्या आयुष्यात आली नव्हती.

“नाहीतर मी ग्राहक मंचात जाते,” ती शांतपणे म्हणाली.

“मंच-बिंच कशाला, ताई?” त्यांनी आवाज खाली आणला. “चार महिन्यांत खड्डा पडला म्हणून गॅरंटीत परत आली. त्यांना आम्ही दुसरी दिली, पण कंपनी ही घेईना. मग खोळ बदलली. सगळेच करतात हो.”

“कोण होते ते?”

“ऐरोलीचं जोडपं. नवीनच लग्न झालं असावं. गादी बदलायला दोघं आले होते. ती एकेका गादीवर बसून बघायची आणि हा आपला विचारतोय, टोचत नाही ना, टोचत नाही ना? असा नवरा मी नाही बघितला, ताई. गादीचा कोपरा दुमडू नये म्हणून टेम्पोत मागे बसून गेला, कवटाळून.”

चारुलताला त्या बाईचा हेवा वाटला, अगदी सख्ख्या बहिणीचा वाटावा तसा.

“नशीबवान आहे बाई,” ती म्हणाली. “पत्ता द्या त्यांचा.”

“द्यायचा नसतो, पण तुम्ही ऐकायच्या नाही. माझं नाव मात्र मध्ये आणू नका.” हौसेरावांनी फाइल काढली, बोटाला थुंकी लावून कागद उलटले आणि एक पावती तिच्यासमोर सरकवली.

नाव बाईचं होतं, क्षिप्रा. पत्ता ऐरोलीचा. खाली ‘गादी बदलून मिळाली’ असं लिहिलेलं, आणि त्याखाली ती घेऊन जाणाऱ्याची सही.

दर चाचणी परीक्षेनंतर निशांतच्या प्रगतिपुस्तकात, ‘पालक’ या शब्दासमोर, हीच सही असायची.