ओल्या गोणपाटाखाली

गाडीची काच वीतभर खाली आली. आतला गार झोत नवसाबाईच्या तोंडावर आला, त्यामागून अत्तराचा वास आणि मग एक फ्रेम. फ्रेम धरलेला शेखर साहेबांचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. बाकीचे साहेब आतच.

"अभिनंदन, मावशी. सगळ्या नाशकात तुमची ओळ थंड निघाली."

मे महिना, दुपारचे सव्वादोन. इंदिरानगरच्या त्या रस्त्याकडेला तीस-बत्तीस बाया भाजी मांडून बसलेल्या आणि डांबर असं तापलेलं की चप्पल उचलताना चिकटत होती. थंड म्हणे! नवसाबाईनं फ्रेम घेतली. सह्या, शिक्के आणि मधोमध ठळक आकडा, अठ्ठावीस अंश. गाडीचा ड्रायव्हर तेवढ्यात खाली उतरून विजेच्या खांबाला 'थंड बाजार' अशी पाटी बांधायला लागला. फोटो काढायचा होता ना पाटीचा.

तिनं विचारलं, मग आमच्या छपराचं काय? पुऱ्या ओळीवर हिरव्या जाळीचं छप्पर घालून देऊ, असं साहेबांच्या संस्थेनं मार्चमध्ये कबूल केलं होतं. साहेब म्हणाले, ते आता दुसऱ्या बाजाराला जाईल. आकडा चाळिसाच्या वर गेला तरच छप्पर, असा नियमच आहे. तुमच्याकडे एकदाही गेला नाही, आणि यंत्र काही खोटं बोलत नाही.

यंत्राचं नाव निघालं आणि नवसाबाईची नजर कोथिंबिरीवरच्या ओल्या गोणपाटाकडे गेली.

साबणाच्या वडीएवढं पांढरं, गरमी मोजायचं यंत्र. संस्थेतल्या चैतालीनं मार्चमध्ये तिच्या हातात दिलं आणि बजावलं, मावशी, महागाचं आहे, जिवापाड जपा. आता भाजीवालीला जपायचं म्हटलं की एकच जागा ठाऊक असते, ओलं गोणपाट. कोथिंबीर तिथं, मेथी तिथं, नातवाच्या दुधाची बाटलीसुद्धा तिथंच. नवसाबाईनं यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि जुड्यांच्या मधोमध ठेवलं. तासातासाला वरून पाणी शिंपडलं. आकडे आपोआप ऑफिसात जात होते, त्यामुळे बघायला कुणी फिरकलंच नाही. दोन महिने बाया उन्हात करपल्या आणि ते मेलं यंत्र कोथिंबिरीत गार पडून राहिलं.

तिला स्वतःचीच शिसारी आली. शेजारी विमलाबाई गुडघ्यात मान घालून बसली होती. सोमवारी ती इथंच, वांग्यांच्या ढिगावर चक्कर येऊन पडली होती. दोन दिवस सलाईन घेतलं आणि आज पुन्हा येऊन बसली, कारण घरी बसून वांगी खपत नाहीत. छप्पर होईपर्यंत कसंबसं काढू, असं ती सकाळीच म्हणाली होती.

"साहेब, चूक माझी हाय," नवसाबाई म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, गोणपाट, पिशवी, गाठ, काही लपवलं नाही. साहेब हसले. मग तिनं गोणपाट उचलून यंत्र काढलं, गाठ सोडली आणि साहेबांना दिसेल असं पालथ्या क्रेटवर उन्हात ठेवलं.

आकडा चढायला लागला. तीस. चौतीस. एकोणचाळीस. ड्रायव्हरची पाटी बांधून होईपर्यंत त्रेचाळीस झाले होते, आणि ड्रायव्हर मान पुसत सावली शोधत होता.

साहेबांनी आकडा पाहिला. चांगला निरखून पाहिला. मग आवाज उतरवला.

"मावशी, ते परत झाका."

अहवाल वर गेलाय, ते म्हणाले. परवा मुंबईला या थंड बाजाराचं संस्थेला बक्षीस आहे, आता घोळ नको. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या ओळीचं नाव पहिलं, माझा शब्द. बोलता बोलता त्यांनी काच दोन बोटं वर घेतली. ऊन आत येत होतं.

हाच माणूस मार्चमध्ये मंडपात उभा राहून कष्टकरी भगिनींसाठी गहिवरला होता. बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या, नवसाबाईनंही. आणि आज मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला बसला होता, तेही गाडीतून न उतरता. किळस आली तिला. काचेवर थुंकावं असं वाटलं, पण घसा सकाळपासून कोरडा, तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

तिनं क्रेटवरचं यंत्र उचललं. हाताला चटका बसला. काचेच्या फटीतून तिनं ते आत सोडलं, ते साहेबांच्या मांडीवर पडलं.

"हे गाडीतच राहू द्या, साहेब. तुमाला पाहिजे तेवढाच आकडा दाखवंल."

काच वर गेली. ड्रायव्हरनं घाईघाईनं पाटीचा फोटो काढला आणि गाडी निघून गेली.

नवसाबाईनं कोथिंबिरीवरचं गोणपाट ओढून काढलं, बादलीत बुडवलं आणि तसंच ओलंचिंब विमलाबाईच्या डोक्यावर टाकलं. कोथिंबीर उन्हात उघडी पडली, तासाभरात माना टाकणार होती. टाकू दे.

विमलाबाई जराशी हलली. गोणपाटाचं पाणी तिच्या कपाळावरून ओघळत होतं.

"नवसाबाई," डोळे न उघडताच तिनं विचारलं, "छप्पर आलं का गं?"