खिडकी, मीठ, कात्री

“सगळ्या चेंडूंत हवा सारखी भरली ना?” संचालकांनी दारातूनच विचारलं.

“भरली, साहेब. मघाशीही भरलेलीच होती,” सामान सांभाळणारा म्हणाला.

अंतिम सामन्याची सकाळ होती. दोन्ही संघांच्या बस वेगवेगळ्या रस्त्यांनी आणायच्या होत्या, फाटकातच जुंपायला नको म्हणून. राष्ट्रगीतं पुन्हा वाजवून पाहिली होती. पहिल्याच सामन्यात भलत्याच देशाचं लागलं होतं आणि संचालक तेव्हापासून भेटेल त्याची माफी मागत फिरत होते. रग्बीच्या एवढ्या मोठ्या स्पर्धेत खेळ तेवढा आपोआप होतो, बाकी सगळं आपल्याच बोडक्यावर, असं ते म्हणत.

स्पर्धेची मुख्य डॉक्टर कोपऱ्यात स्ट्रेचरचे पट्टे ओढून बघत होती. तेच पट्टे तिने आधीही बघितले होते.

“डॉक्टर, माणसं तुमच्यासारखी हवीत,” संचालक जाता जाता थांबले. “सख्ख्या भावाला बाहेर बसवलंत. दुसऱ्या कुणी डोळेझाक केली असती.”

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

धाकटा यजमान संघाचा कप्तान होता. उपांत्य सामन्यात शेवटी शेवटी त्याच्या डोक्याला मार लागला. त्या दिवशीचा डॉक्टर तापाने फणफणला होता, त्यामुळे तपासणी हिच्याकडे आली. बहिणीने भावाला तपासू नये हे तिलाही कळत होतं, पण ऐनवेळी दुसरं कोण आणणार?

बंद खोलीत दोघंच होते. शब्दांच्या याद्या असलेला टॅब चालू व्हायला नखरे करत होता, म्हणून तिने लक्षात ठेवायचे शब्द तोंडपाठच सांगितले: खिडकी, मीठ, कात्री, ढग, चप्पल. त्याने धडाधड म्हणून दाखवले. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, तेव्हाही पाचच्या पाच. मग तो जमिनीवरच्या पट्टीवरून चालून दाखवायला उठला. किंचित बाजूने का होईना, पण न डगमगता चालला.

तो पास झाला होता. तिने नापास लिहिलं.

का, तर तिने त्याला पडताना पाहिलं होतं. आता पुरे, एवढंच तिच्या मनात आलं. नापास म्हणजे सक्तीची विश्रांती, आणि त्या विश्रांतीतच अंतिम सामना येत होता. या स्पर्धेनंतर तो खेळणं सोडणार होता. म्हणजे तिने भावाचा आयुष्यातला शेवटचा सामना चोरला होता, तोही डॉक्टरकीचा कोट घालून.

तेव्हापासून तो हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून, दिवा न लावता पडून होता. जेवायला खाली यायचा तोही गॉगल लावून. कप्तान नव्या नवरीसारखा रुसलाय, अशी संघातली पोरं चेष्टा करत. तिला मात्र हसू येत नव्हतं. त्याच्या मजल्यावर जायचीही तिला हिंमत होत नव्हती.

बाबांनी तर बोलणंच टाकलं होतं. त्याआधी एकदाच फोनवर कडाडले होते. “तुझ्या अभ्यासापायी ते पोरगं ताटावर ताटकळायचं. तोंडातला घास तोंडात धरून तुझे तेच ते शब्द म्हणून दाखवायचं. चांगले पांग फेडलेस हो त्याचे!”

तिने स्ट्रेचरचा पट्टा खाली टाकला आणि संचालकांच्या मागे धावली.

“साहेब, माझी चूक झाली. तो पास होता.”

संचालकांनी इकडेतिकडे बघून दार लावलं. “चूक म्हणजे, लिहिताना?”

“हो,” ती म्हणाली. पूर्ण खरं बोलण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

संचालकांनी आणखी काही विचारलं नाही. कप्तानाशिवायच्या यजमान संघाच्या काळजीने ते आधीच अर्धे झाले होते. “नावं बदलायला अजून मुभा आहे. तपासलंत तुम्ही, तुमचा शब्द तो शेवटचा,” असं म्हणत त्यांनी फोन उचललासुद्धा.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. बाबांचा फोन आला. “जेवलीस का गं?” एवढंच त्यांनी विचारलं. ती हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून पोटभर रडली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

दुपारी दोन्ही संघ मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात रांगा लावून उभे राहिले. बाहेर कडक ऊन होतं आणि लोकांचा नुसता गलका. धाकटा रांगेत पहिला. त्याने गॉगल काढून तिच्या हातात दिला आणि डोळे बारीक केले.

“मला माफ कर रे,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी...”

“तू कसली माफी मागतेस? चोर तर मी आहे.” तो हसला. वाकून त्याने तिच्या डोक्याला डोकं टेकवलं. “तू मला बरोब्बर पकडलंस, ताई. आणि तरी आज पोटात घातलंस. हे मी जन्मात विसरणार नाही.”

“काय पकडलं मी?”

रांग हलली. तो उलट्या पावलांनी उजेडाकडे जाऊ लागला. गलक्यातून ऐकू जावं म्हणून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“अगं, पट्ट्या दोन दिसत होत्या, मी आपला मधून चाललो! आणि शब्द कसले, माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. तुझे ओठ हललेले दिसले, म्हणून जेवणाच्या टेबलावरचे ते जुनेच पाच म्हणून टाकले!”