ठोकळ्याचा निकाल

सुनेनं तयार ब्रॅकेट करवतीच्या जबड्यात आवळलं, तसा सासऱ्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अगं, ते गिऱ्हाइकाचं आहे!"

गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. अग्निशमन दलाचे साहेब, गणवेशात, टोपी मांडीवर. त्यांच्या उंच शिडीच्या टोकाचा पाळणा या ब्रॅकेटनं पेलायचा होता. पाळण्यात माणसं, खाली आग. ब्रॅकेट होतंही देखणं. धातूची भुकटी लेझरनं थरावर थर वितळवत प्रिंटरनं ते घडवलं होतं. वजन कमी व्हावं म्हणून सासऱ्यांनी त्याच्या फासळ्या नखाइतक्या पातळ ठेवल्या होत्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात ते देऊन "बघा, किती हलकं!" म्हणण्यात त्यांचा आठवडा गेला होता.

नियमाप्रमाणे त्याच्या शेजारीच, त्याच भुकटीचा एक जाडजूड ठोकळा प्रिंट केला होता. चाचणी त्या ठोकळ्याची. कारखान्यातली तपासणी सुनेकडे होती. तिनं सकाळी तो यंत्रात ओढून पाहिला आणि तो झकास पास झाला. आता फक्त तिची सही राहिली होती. ती सही करेना.

"ठोकळ्यावर कोण उभं राहणार आहे, बाबा? सगळा भार तर फासळ्यांवर. जाड ठोकळा एका रीतीनं थंड होतो, पातळ फासळी दुसऱ्या. भुकटी एक असली तरी आतला धातू तसाच बसतो असं नाही. एका आईची लेकरं सगळी सारखी निघतात का?"

"माझ्या धाकट्या पोराला मध्ये आणू नकोस," सासरे पुटपुटले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, आम्हाला ठोकळ्याचा निकाल पुरे आहे. सही करा, मी निघतो."

सासऱ्यांना जोर चढला. "ऐकलंस? घेणाऱ्याची हरकत नाही आणि तू घरची असून खोडा घालतेस. कुणाच्या बाजूची आहेस तू?"

"पाळण्यात जो उभा राहील, त्याच्या."

या घरात सासऱ्यांना आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, तिनंही नाही. भीती वाटत होतीच, पण रागापुढे भीतीचं काही चालेना. "सही हवी तर दुसऱ्या कुणाची घ्या. मला उद्यापासून येऊ नकोस म्हणा. पण हे मी कापणार."

तिनं बटण दाबलं.

फासळीतून कापलेली पट्टी तिनं घासून यंत्रात धरली आणि ओढायला लावली. ठोकळ्यानं जो ताण हूं की चूं न करता सोसला होता, त्याच्या निम्म्यालाच पट्टी खाडकन तुटली. तुटल्या जागी बारीक छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

ब्रॅकेट गेलं, ऑर्डर गेली, तीही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत आणि घरच्याच माणसाच्या हातून. सासरे सुनेकडे बघेनात.

साहेब मात्र उठून यंत्रापाशी आले. पट्टीचे दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन बघत राहिले. मघाची घाई कुठल्या कुठे गेली होती.

"फासळ्या जाड करा आणि दोन नग बनवा," ते सासऱ्यांना म्हणाले. "एक आम्हाला, एक या बाईंना तोडायला. चार कारखाने फिरलो, सगळीकडे मुद्दाम सही करा म्हणालो, सगळ्यांनी केली." त्यांनी तुकडे अलगद टेबलावर ठेवले. "गेल्या वर्षी आमचा माणूस पाळण्यासकट खाली आला ना, त्या ब्रॅकेटचाही ठोकळा पासच होता."